मदत हवी आहे: रेव्हन्सचा २०२४ चा सरस टाइट एंड कोण, अँड्र्यूज की लाइकली? आणि हे मोजायचं कसं?

रानपाखरू

अमेरिकन फुटबॉलमधल्या बाल्टिमोर रेव्हन्सच्या २०२४ च्या हंगामावरून आमच्या गटात दोन तट पडले आहेत. वाद टाइट एंडचा, म्हणजे लाइनच्या टोकाशी राहून पास झेलणारा आणि बचावपटूंना अडवणाराही (ब्लॉकिंग) जो खेळाडू, त्याचा. एक तट मार्क अँड्र्यूजचा: ५५ झेल, ६७३ यार्ड, ११ टचडाउन (गोलरेषेपार नेलेले चेंडू). दुसरा आयझाया लाइकलीचा: ४२ झेल, ४७७ यार्ड, ६ टचडाउन. लाइकलीवाल्यांचं म्हणणं असं की तो तरुण आहे, चेंडू हातात आल्यावर जास्त चपळ आहे, आणि बफेलोविरुद्धच्या प्लेऑफमध्ये ऐन मोक्याला चेंडू अँड्र्यूजच्याच हातून सुटला.

मला दोन बाबतींत मदत हवी आहे.

१. टाइट एंडचं निम्मं काम ब्लॉकिंगचं. ते आकड्यांच्या तक्त्यात येतच नाही. मग सामना बघताना वहीत नेमकं काय टिपायचं?

२. सतराही सामने बघणं शक्य नाही. तीन-चारच बघायचे तर कोणते? बावीसही खेळाडू दिसतील असं वरून घेतलेलं चित्रण हाताशी आहे.

चौथा_डाउन

झेल मोजण्याआधी संधी मोजा. टाइट एंड मैदानात आहे म्हणजे तो पाससाठी धावतोच असं नाही. पासच्या खेळीत तो कधी बचावपटूला अडवायला मागेच थांबतो. म्हणून प्रत्येक पासच्या खेळीला एवढंच लिहा: रूट (पास झेलण्यासाठीची ठरलेली धाव) धावला की थांबला. सामन्याअखेर यार्ड भागिले धावलेले रूट. समजा २४ रूट आणि ४८ यार्ड, तर रूटमागे २ यार्ड. टाइट एंडसाठी हा आकडा फार चांगला. १ च्या खाली गेला तर पासच्या खेळात त्याचा उपयोग कमी होतोय असं समजा.

वहीत सहा रकाने पाडा: डाउन (चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि अंतर, गटरचना, उभं राहण्याची जागा, काम (रूट, रनचा ब्लॉक, पासचा ब्लॉक), समोर कोण, निकाल.

गटरचना दोन आकड्यांत लिहितात. पहिला आकडा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) किती, दुसरा टाइट एंड किती. ११ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. १२ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड. रेव्हन्सच्या बाबतीत हा रकाना फार बोलका आहे, कारण अँड्र्यूज आणि लाइकली बऱ्याचदा एकत्रच मैदानात असत. खरा निवाडा ११ च्या खेळींत लागतो. तिथे एकालाच जागा आहे. तिसऱ्या डाउनला सात-आठ यार्ड हवे असताना प्रशिक्षक त्या जागी कोणाला ठेवतात ते बघा.

जागेसाठी तीन खुणा पुरतात: टॅकलला (लाइनच्या कडेचा अडवणारा खेळाडू) खेटून हात जमिनीवर, टॅकलच्या मागे-बाजूला पंखासारखा, किंवा लाइनपासून दूर स्लॉटमध्ये (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधे).

एक गोष्ट सुरू करण्याआधीच ठरवून टाका. डिफेन्सिव्ह एंडला (बचाव फळीच्या टोकाचा खेळाडू) खांद्याने धक्का देऊन मग रूटवर निघाला तर ते रूट धरायचं का? माझ्या मते धरायचं, पण शेजारी खूण करायची. असा उशिरा निघालेला खेळाडू बहुतेक वेळा क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्याचा, शेवटचा पर्याय असतो, त्यामुळे त्याचा आकडा उगाच पडतो. दंडामुळे रद्द झालेली खेळी यार्डांत धरू नका, पण ब्लॉकचा निकाल जरूर लिहा. ब्लॉक तर झालेलाच असतो.

सह्यकडा

ब्लॉकिंगबद्दल लिहितो, कारण बहुतेक तुलना इथेच फसते. रन किती यार्ड गेली यावरून ब्लॉक जोखू नका. रेव्हन्सचा रनिंग बॅक डेरिक हेन्रीने त्या हंगामात १,९२१ यार्ड काढले. तो वाईट ब्लॉकमागूनही आठ यार्ड काढतो, आणि कधी टाइट एंडने आपलं काम चोख केलं तरी दुसऱ्या बाजूचा गार्ड (लाइनमधला आतला अडवणारा) हरल्यामुळे रन शून्यावर थांबते. ब्लॉक स्वतंत्र बघायचा. बॅक त्याच्या बाजूने जाईपर्यंत टाइट एंड आपला माणूस आणि चेंडू यांच्या मधे राहिला का? राहिला तर अधिक, माणूस निसटला तर उणे, दोघं अडकून पडले तर शून्य.

पण सगळे ब्लॉक एका तागडीत घालू नका. निदान चार वेगळे करा:

• डिफेन्सिव्ह एंडला एकट्याने समोरून अडवणं. सगळ्यांत कठीण. समोरचा १२० किलोच्या घरातला असतो.
• टॅकलबरोबर मिळून धक्का देऊन मग लाइनबॅकरवर (बचाव फळीच्या मागे उभा असलेला) जाणं. इथे ताकदीपेक्षा वेळ महत्त्वाची. लवकर सोडलं तर टॅकल उघडा पडतो, उशिरा सोडलं तर लाइनबॅकर पार झालेला असतो.
• लाइनच्या मागून आडवं धावत पलीकडच्या बाजूच्या मोकळ्या एंडला बाहेर ढकलणं. हेन्रीच्या झोन रनमध्ये (सगळी लाइन एकाच बाजूला सरकते अशा) ही खेळी सारखी येते.
• मोकळ्या मैदानात कॉर्नर किंवा सेफ्टीला (मागे राहणारे, पास अडवणारे बचावपटू) अडवणं.

लाइकली तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात बघण्यासारखा आहे, कारण तो धावत येऊन मारतो. पहिल्या प्रकारात दोघांपैकी कोणावरच भिस्त ठेवून चालत नाही. ती कामं त्या हंगामात रेव्हन्स आणखी एक टाइट एंड चार्ली कोलार आणि फुलबॅक (बॅकच्या पुढे राहून अडवणारा) पॅट्रिक रिकार्डकडे देत. रिकार्ड सुमारे ३०० पौंडांचा आहे. म्हणून नुसता 'ब्लॉकिंगमध्ये श्रेष्ठ टाइट एंड' असा प्रश्न असेल, तर माझं उत्तर कोलार. तुमच्या वादात त्याचं नावही नाही हे बरोबर नाही. दुसरा टाइट एंड ब्लॉक करू शकत नसेल तर १२ च्या रचनेचा बचावाला धाकच राहत नाही. समोरचा संघ निर्धास्तपणे पाच डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नर-सेफ्टी) ठेवतो.

रानपाखरू

दोघांचेही आभार. रकाने पाडले. एक शंका: लाइकलीवाले पहिल्या सामन्याचा दाखला देतात. कॅन्सस सिटीविरुद्ध ९ झेल, १११ यार्ड, १ टचडाउन. हा पुरावा किती धरायचा?

चौथा_डाउन

तो सामना बाजूला काढला तर उरलेल्या १५ सामन्यांत त्याचे ३३ झेल आणि ३६६ यार्ड उरतात, म्हणजे सामन्याला २४ च्या आसपास. उलट अँड्र्यूजची सुरुवात अगदी थंड होती. पहिल्या चार सामन्यांत मिळून ६ झेल, ६५ यार्ड. पुढच्या १३ सामन्यांत ४९ झेल, ६०८ यार्ड आणि अकराच्या अकरा टचडाउन. सामन्याला जवळपास ४७ यार्ड.

पूर्वरंग

इथे मी हरकत घेतो. एकाचा सर्वांत चांगला सामना वगळायचा आणि दुसऱ्याचे वाईट चार वगळायचे, हा न्याय नव्हे. पूर्ण हंगामच धरा: अँड्र्यूज १७ सामन्यांत सामन्याला ३९.६ यार्ड, लाइकली १६ सामन्यांत २९.८. अँड्र्यूज पुढेच आहे, पण फरक निम्म्याहून कमी होतो.

झेलामागे यार्डही बघा: १२.२ विरुद्ध ११.४. 'चेंडू हातात आल्यावर लाइकली जास्त घातक' हे डोळ्यांना पटतं, कारण तो पहिल्या माणसाला चुकवतो. पण अँड्र्यूज चेंडू मुळात पुढे घेतो. दोन सेफ्टींमधल्या पट्ट्यात सरळ धावणारा सीम रूट ही त्याची हक्काची जागा. हेन्रीला अडवायला सेफ्टी पुढे आला की हाच पट्टा रिकामा होतो, आणि क्वार्टरबॅक लामार जॅक्सनने रनचा बहाणा करून टाकलेला चेंडू तिथे पोचतो.

जॅक्सन 'पॉकेट'मधून, म्हणजे लाइनने त्याच्याभोवती केलेल्या कोंडाळ्यातून, बाहेर पडला की काय होतं तेही टिपा. नियम साधे आहेत: क्वार्टरबॅक ज्या बाजूला पळेल त्या बाजूला सरकायचं, खोल असलेल्याने परत यायचं, जवळच्याने खोल जायचं. अँड्र्यूज आणि जॅक्सन दोघेही २०१८ च्या ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंची निवड), सुरुवातीपासून एकत्र. ती समज तिथे उघड दिसते, आणि कुठल्याच तक्त्यात ती वेगळी मोजलेली नसते.

आता सुटलेल्या चेंडूबद्दल. १९ जानेवारी २०२५, बफेलो २७, बाल्टिमोर २५. लाइकलीच्या २४ यार्डांच्या टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न, दीड मिनिट शिल्लक, अँड्र्यूज मोकळा, चेंडू हातात आला आणि सुटला. पण तो झेलला असता तरी बरोबरीच होत होती, आणि पुढचा चेंडू बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या हाती जाणार होता. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्याच हातून निसटलेला फम्बल जास्त महाग पडला. ताबा गेला, आणि त्या ताब्यावर बफेलोने फील्ड गोल मारून आघाडी आठवर नेली. अँड्र्यूजविरुद्ध बोलायचं तर त्या फम्बलवर बोट ठेवा. तरीही दोन खेळींवरून हंगामाचा निकाल लावू नका.

सह्यकडा

सामने सांगतो, याच क्रमाने बघा.

पहिला, २९ सप्टेंबर २०२४, बफेलोविरुद्ध, ३५-१०. अँड्र्यूजचे झेल शून्य, हेन्रीचे १९९ यार्ड, त्यातले ८७ संघाच्या पहिल्याच खेळीत. झेलांचा मोह नसल्यामुळे ब्लॉक टिपायचा सराव इथे उत्तम होतो.

दुसरा, ५ सप्टेंबरचा कॅन्सस सिटी. लाइकलीचा सर्वोत्तम खेळ. शेवटच्या खेळीत एंड झोनच्या (गोलरेषेपलीकडचा पट्टा) मागच्या रेषेवर त्याच्या बुटाचं टोक पडलं आणि सामना २७-२० ने गेला. त्याचे किती झेल स्लॉटमधून आले आणि किती टॅकलला खेटून, ते वेगळे करा.

तिसरा, १३ ऑक्टोबर, वॉशिंग्टन. अँड्र्यूजचं त्या मोसमातलं पहिलं टचडाउन इथलं. तो पुन्हा मोकळा धावताना दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या घोट्याला मोठी दुखापत झाली होती. पकडून पाडण्याच्या ज्या तऱ्हेत ती झाली त्यावर लीगने मार्च २०२४ मध्ये बंदी घातली. पहिल्या चार सामन्यांतला थंडपणा बघताना हे लक्षात असू द्या.

चौथा, प्लेऑफचा बफेलो. रिसीव्हर झे फ्लॉवर्स जायबंदी असल्यामुळे टाइट एंडवर भार जास्त होता.

माझं मत: २०२४ पुरतं अँड्र्यूज. गोलरेषेजवळ त्याची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नाही. दर पाच झेलांमागे एक टचडाउन, लाइकलीचं सातामागे एक. पण पुढच्या तीन वर्षांसाठी एकच ठेवायचा असेल, तर मी लाइकलीला घेईन.

चौथा_डाउन

पहिल्या भागाशी सहमत, दुसऱ्याशी नाही. लाइकलीचे बरेचसे मोकळे रूट अँड्र्यूजवर नजर ठेवणाऱ्या सेफ्टीमुळे मिळतात. रानपाखरू, वहीत सातवा रकाना वाढवा: त्या खेळीत दुसरा टाइट एंड मैदानात होता का. लाइकलीचा रूटमागचा आकडा अँड्र्यूजसह आणि अँड्र्यूजशिवाय असा दोनदा काढा. अँड्र्यूजशिवायच्या खेळी चार सामन्यांत कमी भरतील. तेव्हा २०२३ मधले अँड्र्यूज जायबंदी झाल्यानंतरचे दोन सामने जोडून घ्या, आणि ३० रूट भरल्याशिवाय भागाकार करू नका.

रानपाखरू

सातवा रकाना वाढवला. २९ सप्टेंबरच्या सामन्यापासून सुरुवात करते, चारही सामन्यांचे आकडे इथेच टाकीन. कोलारलाही मतदानात घेतलं आहे.