तोंडाचा कर्करोग : तीन डॉक्टरांची तीन मते, निर्णय कोणी घ्यायचा?

प्रश्न : माजलगाव, जि. बीड

माझे चुलते ५४ वर्षांचे आहेत. वीस हंगाम त्यांनी ऊसतोड केली आणि तितकीच वर्षे गुटखा खाल्ला. डाव्या गालातली जखम भरेना म्हणून तुकडा तपासला, तर कर्करोग निघाला. तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, त्यामुळे काकू भाकरी दुधात कुस्करून भरवतात. एका डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया करायला सांगितले, दुसऱ्यांनी आधी केमो देऊन गाठ लहान करू असे सांगितले आणि तिसऱ्यांनी थेट रेडिएशनचा सल्ला दिला. तिघांनीही एकच फाईल पाहिली होती. मुकादमाची उचल अंगावर असल्याने काका एकदाचे कापून मोकळे करा म्हणतात. या तिघांचे मत एकत्र कसे मिळवावे? आणि तसे विचारले, तर डॉक्टरांना राग येणार नाही ना?

उत्तर : किरणोपचार विभागातील डॉक्टर

दादा, राग येण्याचे काहीच कारण नाही. शल्यचिकित्सक, किरणोपचार (रेडिएशन) व केमोचे डॉक्टर, तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट आणि स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट ज्या बैठकीत एका रुग्णाची फाईल समोर ठेवून उपचारांचा क्रम ठरवतात, तिला आम्ही ट्यूमर बोर्ड म्हणतो. ही बैठक पहिली कात्री लागण्याआधी व्हावी, असा माझा आग्रह आहे, कारण नंतर बदलता येण्यासारखे फार थोडे उरते.

गालाचा कर्करोग काढण्याजोगा असेल, तर साधारणपणे शस्त्रक्रिया आधी आणि गरजेनुसार किरणोपचार नंतर, शक्यतो सहा आठवड्यांच्या आत, दिले जातात. कापलेल्या कडेवर रोग उरला असेल किंवा मानेतल्या लसिकाग्रंथीचे (मानेतल्या गाठीचे) आवरण फोडून बाहेर आला असेल, तर किरणांसोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचाही विचार होतो. मात्र हे पॅथॉलॉजिस्टच्या अहवालावरूनच कळते. मानेचेही तसेच आहे : सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या गाठी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढल्यास जास्त रुग्ण वाचतात, हे टाटा मेमोरियलच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आधी केमो हा पर्याय सहसा लगेच काढता न येणाऱ्या गाठीसाठी विचारात घेतला जातो. म्हणून गाठ कुठवर गेली आहे, हे सिटी स्कॅन किंवा एमआरआय पाहूनच तिघांचे मतभेद मिटतील.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. किडलेले दात किरणोपचारांआधीच काढून जखम भरू द्यावी लागते. नंतर काढले, तर जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो. काकांचे तोंड दोन बोटेच उघडत असल्याने दंतवैद्य आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधीच दाखवा.

उत्तर : लातूर

माझ्या आईचा अनुभव सांगते. अंगावरून रक्त जाते म्हणून एका दवाखान्यात तिची पिशवी काढली. आधी गर्भाशयमुखाची तपासणीच केली नव्हती. पिशवीचा अहवाल आला तेव्हा कर्करोग असल्याचे कळले. पुढच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले की रोग किती पसरला होता, हे शस्त्रक्रियेआधी तपासले असते, तर कदाचित किरणोपचार आणि केमो एवढ्यावरच भागले असते. आता पोटावरची जखम सोसून तेही घ्यावे लागले. आईला दोन्ही उपचारांचा त्रास भोगावा लागला, याचे दुःख मला अजून आहे. म्हणून दादा, काकांची घाई समजते, पण आठवडाभर थांबून सगळ्यांना एका टेबलावर बसवा.

उत्तर : किरणोपचार विभागातील डॉक्टर

ताईंचे म्हणणे अगदी खरे आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय तुम्हाला जवळ पडेल. धाराशिवकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालयही सोयीचे आहे. तुकड्याची काच (स्लाइड) आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणातला ठोकळा (ब्लॉक) प्रयोगशाळेतून मागून घ्या, कारण नुसत्या कागदी अहवालावर दुसरा पॅथॉलॉजिस्ट मत देऊ शकत नाही. शिधापत्रिका व आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, ते रुग्णालयात योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

प्रश्नकर्ता

ठोकळा मागायचा असतो, हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. उद्या सकाळी प्रयोगशाळेत जातो. काकूंनी मुकादमाशी बोलून घेतले आहे. सोमवारी संभाजीनगरला निघत आहोत.