प्रार्थनेला एकत्र, प्रभुभोजनाला वेगळे: आमच्या गटाने पुढे कसे जावे?

प्रश्न — पिंपरीहून एक विश्वासी

सर्वांस ख्रिस्ती सलाम. आमच्या वसाहतीत दर शुक्रवारी संध्याकाळी काही ख्रिस्ती कुटुंबे प्रार्थनेसाठी एकत्र येतात. त्यांत नगरकडची सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतली घरे आहेत, वसईचे एक कॅथलिक कुटुंब आहे, केरळहून नोकरीनिमित्त आलेले मार्थोमा मंडळीचे दांपत्य आहे आणि पेन्टेकॉस्टल मंडळीत जाणारे काही तरुण आहेत. शास्त्रवाचन, नारायण वामन टिळकांची भजने, आजाऱ्यांसाठी मध्यस्थीची प्रार्थना हे सारे मनापासून एकत्र होते. कोणाच्या घरी दुःख झाले तर सगळे धावून जातात.

अडचण निर्माण झाली ती महिन्यातून एकदा प्रभुभोजनही (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) घ्यावे अशी सूचना पुढे आल्यापासून. पहिल्याच वेळी भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे पेले मेजावर मांडले, तेव्हा कॅथलिक कुटुंब शांतपणे उठून मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. मार्थोमा दांपत्यही घुटमळले. नंतर तरुणांपैकी एकाने असे म्हटले की, ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला त्यांनी तो पुन्हा, बुडवून, घेतला तर सगळा प्रश्नच मिटेल. त्यामुळे ज्येष्ठ मंडळी दुखावली.

याच सुमारास एक हिंदू कुटुंब गटात येऊ लागले आहे. त्यांचा येशूवर विश्वास बसला आहे, परंतु अद्याप बाप्तिस्मा झालेला नाही. त्यातील बाई कुंकू लावून आणि मंगळसूत्र घालून येतात. त्यावरूनही कुजबुज सुरू झाली आहे.

प्रभूने आपल्या शिष्यांनी एक व्हावे म्हणून प्रार्थना केली (योहान १७). ती आपल्या लहानशा गटात कशी आचरावी, याविषयी जाणत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर — नगरकर, निवृत्त शिक्षक

आपल्या गटातील भेद मुळात कोठून आले हे आधी पाहिले, तर मनातील कडवटपणा पुष्कळ कमी होईल असे मला वाटते. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट माणूस अमुक पंथाचा का, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या विश्वासात सापडत नाही, त्याच्या आजा-पणजाच्या गावात सापडते. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, म्हणून आमची घरे काँग्रिगेशनल झाली. जालन्याकडे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री काम करीत होते, म्हणून तिकडची मंडळी प्रेस्बिटेरियन झाली. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी होती म्हणून तेथे अँग्लिकन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीच्या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये म्हणून बहुतांशी मुलूख वाटून घेतले, आणि त्या वाटणीची नावे आपण आज आपल्या श्रद्धेची नावे म्हणून सांगतो. आमच्या पूर्वजांनी कॅल्व्हिन आणि वेस्ली या धर्मनेत्यांच्या शिकवणुकीची तुलना करून निवड केलेली नव्हती. त्यांनी ख्रिस्ताला निवडले होते.

याचा अर्थ भेद खोटे आहेत असा मात्र नाही, आणि ते कसे हाताळावेत याचे एक मोठे उदाहरण आपल्याच भूमीत घडले आहे. काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. १९२९ पासून व्यापक ऐक्याची बोलणी सुरू झाली. योजनेचे मसुदे पुन्हा पुन्हा लिहिले गेले, शेवटचा १९६५ मध्ये निघाला, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परिषदांचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या त्यात सामील झाल्या. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली, ही खंत त्या पिढीला कायम होती.

चाळीस वर्षे कशाला लागली, असे विचारले जाते. आपल्या गटात जे दोन प्रश्न उभे आहेत, जवळपास तेच दोन प्रश्न तेव्हाही होते. पहिला बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन बालकांना बाप्तिस्मा देत, तर बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स विश्वास कबूल करणाऱ्या जाणत्या माणसालाच देत. नव्या मंडळीने दोन्ही रीती बरोबरीच्या मानल्या. बालकाचा बाप्तिस्मा करून मोठेपणी त्याने स्वतः विश्वासाची कबुली द्यावी, किंवा बालकाचे समर्पण करून जाणत्या वयात बाप्तिस्मा द्यावा, यांपैकी काय करायचे ते कुटुंबाने ठरवावे. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करू नये. दोन्ही बाजूंनी येथे खरोखर काहीतरी सोडले. बॅप्टिस्टांनी दुसऱ्याच्या बालबाप्तिस्म्याला नाकारणे सोडले, आणि इतरांनी आपल्याच रीतीचा आग्रह सोडला.

दुसरा प्रश्न सेवकांचा. प्रभुभोजन कोणाच्या हातून घ्यावे हा तुमचा पेच त्यातूनच येतो. बिशपाने हात ठेवून दीक्षा दिलेला आणि न दिलेला असे दोन्ही प्रकारचे पाळक एका वेदीपाशी कसे उभे राहणार? नागपूरला सर्व मंडळ्यांच्या सेवकांनी परस्परांवर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याच्या सेवेत जे उणे असेल ते देवाने भरावे, असा त्या प्रार्थनेचा आशय होता. कोणाचे काय उणे, हे माणसांनी ठरवले नाही. काहींनी ही संदिग्धता आहे अशी टीका केली. मला मात्र ती त्या पिढीची सर्वांत मोठी नम्रता वाटते.

मार्थोमा दांपत्यासाठी एक गोष्ट सांगतो. त्यांची मंडळी, सी.एन.आय. आणि सी.एस.आय. (चर्च ऑफ साउथ इंडिया) यांच्यात पूर्ण सहभागिता असून या तिघांची संयुक्त परिषद १९७८ मध्येच स्थापन झाली. सी.एन.आय.च्या उपासनेत ते निःसंकोच प्रभुभोजन घेऊ शकतात. ते घुटमळले असतील ते बहुधा दीक्षित पाळकाविना, घरगुती बैठकीत ते होत होते म्हणून, आणि त्या संकोचाचा आदर झाला पाहिजे. माझे स्पष्ट मत असे आहे की, शुक्रवारच्या बैठकीत प्रभुभोजन ठेवू नये. बंधुभोजन ठेवावे: प्रार्थनेनंतर सर्वांनी आपापल्या घरून डबा आणावा आणि एका पंगतीत जेवावे.

उत्तर — वसईची वाचक

मी कॅथलिक आहे, आणि मागे जाऊन बसलेल्या त्या कुटुंबाच्या मनात काय असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यांनी आपल्या बांधवांना कमी लेखले असे कृपया कोणी समजू नये. आमच्या श्रद्धेनुसार ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनातील भाकर) स्वीकारणे म्हणजे ज्या धर्मसभेच्या वेदीवर ते अर्पण होते तिच्याशी आपण पूर्णपणे एक आहोत अशी ग्वाही देणे. ते ऐक्य अजून पूर्ण झालेले नसताना तशी ग्वाही देणे आम्हाला सत्याला धरून वाटत नाही. मागे बसताना त्यांनाही वेदना झालीच असेल. माझ्या मते ती वेदना प्रत्येकाने थोडी थोडी वाटून घ्यावी.

परंतु स्नानसंस्काराच्या बाबतीत, म्हणजे आपण ज्याला बाप्तिस्मा म्हणता त्या बाबतीत, चित्र फार आशादायक आहे आणि ते आमच्याच पुष्कळ लोकांना माहीत नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश जाहीर केला. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने योग्य रीतीने स्नानसंस्कार झालेला प्रत्येक जण ख्रिस्ताशी जोडलेला आहे आणि तो आमचा प्रभूमधील बंधू आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नगरच्या मंडळीतील माणूस उद्या कॅथलिक झाला, तरी त्याचा स्नानसंस्कार पुन्हा केला जात नाही. केवळ येशूच्या नावाने, त्रैक्याचा उच्चार न करता झालेल्या बाप्तिस्म्याला मात्र अशी मान्यता नाही. तेव्हा पुन्हा बाप्तिस्मा घ्या असे सुचवणाऱ्या तरुणाला प्रेमाने एवढे सांगावे की, ज्येष्ठांच्या बाप्तिस्म्याला कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आणि ऑर्थोडॉक्स परंपरांतील धर्मपंडितांनी एकत्र बसून तयार केलेल्या १९८२ च्या लिमा येथील मसुद्याचाही आधार आहे. बाप्तिस्मा पुन्हा करता येत नाही, असे त्यात निःसंदिग्ध लिहिले आहे.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा असतो. त्या आठ दिवसांत रोज वेगळ्या घरी जमावे. कॅथलिक घरी जमाल तेव्हा त्यांच्या रीतीची प्रार्थना, पेन्टेकॉस्टल घरी त्यांच्या रीतीची. दुसऱ्याच्या घरी त्याच्या पद्धतीने प्रार्थना करताना जे कळते, ते सर्वांनी मिळून तयार केलेल्या मिश्र उपासनेत कळत नाही, असा आमच्या धर्मग्रामातला (पॅरिशमधला) अनुभव आहे.

उत्तर — दौंड तालुक्यातून, पेन्टेकॉस्टल मंडळीचा सभासद

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी आमच्या बाजूचेही ऐकून घ्यावे अशी विनंती आहे. पुन्हा बाप्तिस्मा घ्या असे आमचे तरुण म्हणतात, तेव्हा त्यामागे दुसऱ्याचा अपमान करण्याचा हेतू नसतो. त्यांच्यापैकी पुष्कळांनी नावापुरत्या ख्रिस्ती घरात वाढून नंतर प्रभूचा जिवंत अनुभव घेतलेला असतो, आणि पाण्यात उतरण्याचा तो दिवस त्यांच्या आयुष्याला दोन भागांत विभागतो. जाणतेपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्माच नव्या करारातला बाप्तिस्मा आहे, ही माझी श्रद्धा मी मसुद्यांखातर सोडू शकत नाही. मात्र ही अट संयुक्त प्रार्थनागटाच्या दारात मांडणे मला चुकीचे वाटते.

मी केडगावच्या मुक्ती मिशनच्या परिसरात वाढलो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन मंडळीत झाला, परंतु एका पंथाच्या चौकटीत स्वतःला बांधून घेण्यास त्यांनी ठाम नकार दिला. त्यांच्याबरोबर मिनी अब्राम्स या मेथडिस्ट बाई काम करीत होत्या. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे संजीवन (आध्यात्मिक जागृती) झाले. रडून पश्चात्ताप करणाऱ्या त्या मुलींमध्ये दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, नाना जातींच्या मुली होत्या. जगभरातील पेन्टेकॉस्टल लोक त्या घटनेकडे आपल्या प्रारंभांपैकी एक म्हणून पाहतात, आणि ती एका अँग्लिकन बाप्तिस्मा झालेल्या मराठी बाईच्या आश्रमात घडली. आत्मा कोठे वाहील याची परवानगी त्याने कोणत्याही पंथाकडून घेतली नाही.

नव्या कुटुंबातील बाईंच्या कुंकवाविषयी तर मी हात जोडून सांगतो: त्यांना काही म्हणू नका. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. ज्यांची भजने तुम्ही शुक्रवारी म्हणता, त्यांनी त्या बाईंना बाहेर थांबवले नसते. त्यांना वचन शिकवा, सोबत करा. पुढचे त्यांना प्रभू दाखवील.

उत्तर — बीडहून एक वाचक

आतापर्यंतची चर्चा पंथांभोवती फिरली. मी दुसऱ्याच भिंतीबद्दल लिहितो, कारण ती जास्त उंच आहे आणि तिच्यावर कोणत्याही परिषदेत मसुदे लिहिले जात नाहीत. बाप्तिस्म्याच्या रीतीवरून मतभेद असलेली दोन कुटुंबे आपल्या मुलांची लग्ने आनंदाने जुळवतात. परंतु एकाच मंडळीत, एकाच बाकावर बसणारी दोन कुटुंबे सोयरिकीची बोलणी निघाली की हळूच विचारतात, "मूळचे कोण?" पूर्वज महार होते, मांग होते की वरच्या जातीचे, यावर उत्तर फिरते. माझ्या बहिणीच्या वेळी चहाचे कप हातात असतानाच हा प्रश्न आला. विचारणारे गृहस्थ त्याच सकाळी उपासनेत माझ्या वडिलांशेजारी बसून प्रभुभोजन घेऊन आले होते.

पौलाने गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेला प्रसंग कृपया पुन्हा वाचावा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमेकडचे काही लोक आल्यावर तो भीतीने वेगळा झाला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर विरोध केला, आणि हे वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही असे सांगितले. तेथे शिकवणुकीवरून वाद नव्हता. पेत्राची शिकवण बरोबरच होती. पंगत मोडली, एवढेच झाले होते, आणि पौलाला तेवढेच पुरेसे गंभीर वाटले.

वर ज्या प्रार्थना-आठवड्याचा उल्लेख आला, त्याचे २०१३ चे साहित्य भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने पुढाकार घेऊन तयार केले होते, आणि दलित ख्रिस्ती बांधवांवरील अन्याय हा त्याच्या केंद्रस्थानी होता. देव आपल्याकडून काय मागतो, हा मीखाच्या सहाव्या अध्यायातील प्रश्न त्यासाठी निवडला होता. जगभरच्या मंडळ्यांनी त्या वर्षी तो वाचला. आपल्या मराठी मंडळ्यांत त्यावर मनमोकळी चर्चा झालेली मी ऐकली नाही. नगरकर सरांनी बंधुभोजन सुचवले ते मला फार योग्य वाटते, परंतु त्या पंगतीत बसणाऱ्यांनी आपल्या घरच्या सोयरिकींविषयीही एक दिवस बोलावे, एवढीच भर घालतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ही उत्तरे गटातील ज्येष्ठांना वाचून दाखवली. शुक्रवारच्या बैठकीत प्रभुभोजन ठेवायचे नाही, ज्याने त्याने ते आपापल्या मंडळीत घ्यावे, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी डबे आणून एकत्र जेवावे, असे ठरले. मार्थोमा दांपत्य या रविवारी आमच्याबरोबर सी.एन.आय. मंडळीत येणार आहे. पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचा विषय गटात काढायचा नाही, हे त्या तरुणाने स्वतः मान्य केले. त्याचे मत बदललेले नाही, आणि ते त्याने बदलावे असा आमचाही आग्रह नाही. नव्या बाईंविषयीची कुजबुज थांबवण्याची जबाबदारी गटातील कॅथलिक कुटुंबातल्या ताईंनी घेतली आहे. पुढच्या शुक्रवारी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचणार आहोत. बीडच्या बंधूंनी मांडलेला विषय त्या दिवशी निघेल. तो कठीण जाईल, कारण गटातील दोन घरांत सध्या मुलामुलींची स्थळे पाहणे चालू आहे.

येथे उत्तर देणाऱ्या वसईच्या भगिनींना एक विचारायचे आहे: जानेवारीच्या प्रार्थना-आठवड्याचा उपासनाक्रम मराठीत मिळतो का, आणि तो कोणाकडे मागावा?

वसईची वाचक

आधी आपल्या जवळच्या कॅथलिक धर्मग्रामातील धर्मगुरूंकडे विचारावे. मूळ साहित्य दरवर्षी व्हॅटिकन आणि जागतिक मंडळी परिषद मिळून प्रसिद्ध करतात, त्यामुळे इंग्रजी प्रत सहज मिळेल. मराठी न मिळाल्यास मला कळवा. आठही दिवसांची शास्त्रवचने आणि मध्यस्थीच्या प्रार्थना मी मराठीत करून देईन. मात्र त्यातील शब्द प्रॉटेस्टंट बांधवांनाही आपले वाटतील की नाही, हे नगरकर सरांनी एकदा वाचून सांगावे.