परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘आम्हाला काही नको’ म्हणून सही करावी का?

शिप्राकाठ (इंदूर)

माझ्या भाचीचा घटस्फोट परस्पर संमतीने घ्यायचं ठरलं आहे. दोघं वर्षाहून जास्त वेगळी राहतात, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करता येतो. घटस्फोट घ्यावा की नाही यावर आता घरात वाद नाही. वाद मसुद्यातल्या एका ओळीवर आहे: ‘दोन्ही पक्षांची एकमेकांवर आज किंवा पुढे कसलीही मागणी राहणार नाही.’ म्हणजे तिला पोटगी नाही, चार वर्षांच्या मुलाच्या खर्चाचा उल्लेख नाही, आणि सासूबाईंच्या लॉकरमधल्या दागिन्यांवर पाणी सोडायचं.

ही ओळ सासरच्यांनी घातलेली नाही, आमच्याच घरच्यांनी घातली आहे. लोकमान्यनगरला ताईकडे बैठक झाली तेव्हा मेहुणे म्हणाले, “त्यांचा एक पैसा माझ्या घरात नको.” काका, आत्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. भाची आतल्या खोलीत मुलाला वरणभात भरवत होती. तिला कोणी हाकही मारली नाही.

मूल झालं तेव्हा तिने बँकेतली नोकरी सोडली, ती दोन्ही घरांच्या सांगण्यावरून. आता ती शिकवण्या घेते. ताईकडे लग्नातली आहेराची वही आहे, मी ती उघडून पाहिली. पाटल्या, तोडे, तन्मणी, प्रत्येकापुढे वजन आणि सराफ्यातल्या पावत्या टाचणीने लावलेल्या. मोहनमाळेपुढे नुसतं ‘आजीची’ लिहिलंय. ती माळ परक्यांच्या लॉकरमध्ये सोडून द्यायचा अधिकार बैठकीतल्या माणसांना कोणी दिला?

हक्क सोडायचा असेल तर तो ज्याचा आहे त्याने सोडावा. तिच्या वतीने बापाने, मामाने, मावशीने सोडू नये. इथल्या मंडळींना काय वाटतं?

अण्णा_रामबाग

मी तुमच्या मेहुण्यांच्या बाजूने बोलणार आहे. ते चुकत असतील तर बोलण्याच्या पद्धतीत चुकत असतील, निर्णयात नाही.

आमच्या मुलीने क्रूरतेच्या कारणावर एकतर्फी दावा लावला होता. मागणं हक्काचंच होतं. कागदावर सगळं आमच्या बाजूने होतं, पण वेळ त्यांच्या बाजूने होता. पेशीला वकील हजर नाही, पुढची तारीख. साक्षीदार आजारी, पुढची तारीख. न्यायाधीश बदलून गेले, परत पहिल्यापासून. अंतरिम पोटगीचा हुकूम झाला, तर वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागला. मुलीची ऐन उमेद कोर्टाच्या बाकावर गेली. ती घरी येऊन जेवत नसे, आणि तिची आई स्वयंपाकघरात रडत बसे.

लोकांना वाटतं, लग्न पूर्ण मोडलंय हे दिसलं की कोर्ट घटस्फोट देऊन टाकतं. तसं नाही. हे कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. २०२३ साली घटनापीठाने सांगितलं की सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली असा घटस्फोट देऊ शकतं. पण तो अधिकार त्यांचा, आपल्या कुटुंब न्यायालयाचा नाही. म्हणून समोरच्याची सही ही फार मोलाची गोष्ट आहे. ती मिळत असेल तर घ्या आणि पोरीला मोकळं करा.

सुटकेसाठी काही सोडावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. रखमाबाईंना १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. पुढच्या वर्षी त्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. मग त्या डॉक्टर झाल्या. ते दोन हजार कोणी वाया गेले म्हणेल का?

नीलमोहर

अण्णांशी सहमत. मी स्वतः काही न घेता बाहेर पडले. इंदूर सोडून पुण्यात नोकरी धरली. मूल नव्हतं, पगार होता. दर महिन्याला त्या माणसाच्या खात्यातून पैसे आले की नाही हे बघायचं, नाही आले तर वकिलाला फोन करायचा, हे मला नको होतं. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो. पोटगी न घेणाऱ्या बाईला भोळी समजू नका. बैठकीत भाचीला बोलवायला हवं होतं, हे मात्र शंभर टक्के खरं.

वकीलबाई_इंदूर

मी इथल्या कुटुंब न्यायालयात काम करते. मतं नंतर, आधी काही गोष्टी साफ करते, कारण मसुदा गैरसमजावर लिहिलेला दिसतोय.

मुलाचा खर्च ही आईची मागणी नसते, तो मुलाचा हक्क असतो. आईने ‘काही नको’ लिहून दिलं म्हणून मुलाचा हक्क संपत नाही. ती ओळ त्याच्यापुरती कुचकामी आहे. फक्त पुढे तो खर्च मागायला नवा अर्ज, नव्या पेश्या.

दागिने स्त्रीधन आहेत. ते सासरच्यांकडे अमानत म्हणून असतात, त्यांच्या मालकीचे होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय. पोटगी आणि स्त्रीधन एका वाक्यात गुंडाळू नका.

घराचं विचारलं नाहीत, तरी सांगते. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर घटस्फोट झाला म्हणून अर्धा तिचा होत नाही. गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता नवराबायकोची सामाईक धरतात, आपल्याकडे तसा कायदा नाही. नोकरी सोडून जी वर्षं घरात घातली त्यांचा हिशेब कुठे होत असेल तर तो पोटगीतच होतो. नीलमोहर यांना पगार होता. या मुलीने तो घरासाठी सोडला आहे, हा फरक मोठा आहे.

आणि घाईचं म्हणाल तर ऐका. १३-ब मध्ये पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या अर्जापर्यंत सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या निकालाने ही मुदत माफ करता येते. पण त्यासाठी दोघांनी पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळं खरोखर मिटवलं आहे अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. मुलाचा उल्लेखच नसलेला मसुदा नेलात तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

तिसरा_मजला

पुरुषाची बाजू मांडतो. मी पोटगी देतो. मुलीचा खर्च देतो आणि तो द्यायलाच हवा, त्यात वाद नाही.

पण आमच्या प्रकरणात सुरुवातीलाच मागण्यांची मोठी यादी आली. ती मान्य झाली नाही तेव्हा महिला थान्यात तक्रार, मग घरगुती हिंसाचाराचा अर्ज, मग भरणपोषणाचा वेगळा, आणि कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा आणखी एक. माझे वडील म्हातारे, गुडघे गेलेले, ते नाशिकहून रात्रीचा प्रवास करून पेशीला यायचे. खऱ्या छळाच्या तक्रारी असतात आणि त्या व्हायलाच हव्यात, हे मी मनापासून मानतो. पण तडजोडीत रक्कम वाढवायला तक्रार वापरली की दोन घरं कायमची वैरी होतात, आणि मूल त्या दोन घरांचं असतं.

मी मुलीला कोर्टाच्या आवारातल्या खोलीत भेटत होतो. प्लास्टिकची खुर्ची, एक तुटकी झोपाळ्याची खेळणी, दारात शिपाई. ती पहिला अर्धा तास माझ्याकडे बघायचीही नाही. म्हणून सांगतो, मसुद्यात पैशाआधी भेटीचं लिहा. कुठल्या रविवारी, कुणाच्या घरी, सुट्ट्यांत किती दिवस, पासपोर्टवर सही कोणाची. आणि आजीआजोबांना विसरू नका. त्यांनी काय केलंय?

वकीलबाई_इंदूर

@तिसरा_मजला, भेटीबद्दल पूर्ण पटलं. फक्त खर्च आणि भेट एकमेकांना बांधू नका. ‘भेटू देत नाही म्हणून खर्च बंद’ आणि ‘खर्च नाही म्हणून भेट बंद’, दोन्ही मी रोज ऐकते. दोन्हीत उपाशी राहतं ते मूल.

फुगवलेल्या आकड्यांवर २०२० च्या निकालाने चांगला इलाज केला आहे. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. तडजोडीच्या बोलण्यातही ते आधी मागवा. एकदा आकडे टेबलावर आले की आवाज खाली येतात.

अण्णा_रामबाग

ताई, कायदा तुम्ही बरोबर सांगताय. पण कायद्यात असणं आणि हातात येणं यातलं अंतर बापाला चालावं लागतं. शपथपत्रात धंदेवाला माणूस काय लिहितो ते तुम्हालाही माहीत आहे. मुलाचं आणि दागिन्यांचं मी मान्य करतो. पोटगीचं नाही.

बडोदेकर_मांजलपूर

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, देशाच्या कायद्याच्या चोवीस वर्षं आधी. तरी आमच्या आजीच्या पिढीतल्या कोणीही त्याचा आधार घेतल्याचं ऐकलं नाही. कायदा होता, घरच्यांची तयारी नव्हती. शिप्राकाठ म्हणतात ते त्यामुळे जास्त पटतं. मुलीला आधी घरात बोलू द्या.

शिप्राकाठ (इंदूर)

सगळ्यांचं वाचलं. अण्णा, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं आणि ते अनुभव मी नाकारत नाही. पण रखमाबाईंचं उदाहरण मला उलट वाटतं. त्यांना पैसे मोजावे लागले, कारण तेव्हाचा कायदा त्यांना काहीच देत नव्हता. आज देतो, आणि तो तसा व्हायला बायकांनी फार सोसलं आहे.

आपल्या गावचंच बघा. शाहबानो इंदूरच्या. नवरा इथलाच वकील. १९७८ मध्ये त्यांनी इथल्या कोर्टात पोटगी मागितली तेव्हा वय साठीच्या पुढे. पहिल्या कोर्टाने महिना पंचवीस रुपये ठरवले, उच्च न्यायालयाने एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे. १९८५ ला सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या. आणि मग? त्याच वर्षी चोहोबाजूंनी दबाव आल्यावर त्यांनी जिंकलेला निकाल नको म्हणून जाहीर केलं. धर्म, कायदा, राजकारण हे सगळं वेगळं ठेवा. मला त्यातलं एवढंच दिसतं की कोर्टाने दिलेलं तिच्या भोवतीच्या माणसांनी सोडायला लावलं. आमच्या बैठकीत तेच होत होतं, फक्त आवाज न चढवता.

नीलमोहर, तुम्ही सोडलंत कारण तुम्ही ठरवलंत. म्हणून ते तुम्हाला आजही बरोबर वाटतं. मला हाच फरक सांगायचा होता.

तिसरा_मजला

हे मान्य. एक विचारतो, नवऱ्याकडचे समोर बसून बोलायला तयार आहेत का? असतील तर मध्यस्थी केंद्रात जा, नातेवाइकांच्या बैठका बंद करा. आमच्याकडे दोन्ही मामा नसते तर प्रकरण लवकर मिटलं असतं, हे मी खात्रीने सांगतो.

शिप्राकाठ (इंदूर)

तयार आहेत. भाचीशी मी एकटीच बोलले. तिचं म्हणणं: मुलाची शाळेची फी आणि दरमहा खर्च लिहून हवा, दागिने वहीप्रमाणे परत हवेत. स्वतःसाठी दरमहा नको, एकरकमी हवं, बीएड पूर्ण होऊन नोकरी लागेपर्यंत पुरेल एवढं. मुलाने दर पंधरा दिवसांनी बाबाकडे राहायला जावं आणि दिवाळीतले दोन दिवस आजीआजोबांकडे असावेत, हे तिने स्वतःहून सांगितलं. सासूबाई त्याला अजून रोज फोन करतात म्हणे. हे सगळं तिच्या मनात तयारच होतं. मेहुणे माझ्याशी सध्या बोलत नाहीत.

वकीलताई, एकरकमी घेतल्यावर तो दुसऱ्या अर्जाच्या वेळी फिरला तर?

वकीलबाई_इंदूर

फिरू शकतो. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून रक्कम दोन भागांत ठेवतात. काही पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने. छळाची फौजदारी तक्रार असेल तर तीही नुसतं ‘मागे घेतो’ म्हणून मिटत नाही, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रद्द करून घ्यावी लागते. तो क्रम मसुद्यात लिहा. आहेराच्या वहीची यादी परिशिष्ट म्हणून जोडा, पानापानावर दोघांच्या सह्या.

अण्णा_रामबाग

दागिने दुसऱ्या अर्जाच्या आधी हातात घ्या, वायद्यावर राहू नका. सराफ्यात नेऊन काट्यावर वजन करून घ्या, वहीशी ताडून बघा, आणि त्या दिवशी मुलीला बरोबर न्या.

एकरकमी पोटगीवरून ते अडले तर मात्र ताणू नका. माझं मत बदललेलं नाही.

शिप्राकाठ (इंदूर)

अडले तर काय करायचं ते तिला विचारीन, अण्णा.