१५०० वॅटचा रॉड, पण पाणी तापतच नाही

शेतकरी_गडी: आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पार १९० वर येतं, क्लॅम्प मीटर लावला तर रॉड ५.४ अँपिअर खातोय, मग रॉड गेलाय का लाईटचा दोष? आणि रजिस्टन्स कसा काढायचा, दहावीनंतर सगळं विसरलो राव

वायरमन_तात्या: व्होल्टेजला करंटने भागा. १९० भागिले ५.४, म्हणजे ३५ ओहमच्या आसपास. आता रॉडवर २३० व्होल्ट १५०० वॅट छापलंय ना, तर २३० चा वर्ग भागिले १५००, तेही ३५ च येतं. रॉड ठणठणीत आहे भाऊ. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, १९० गुणिले ५.४ म्हणजे १०२६ वॅट फक्त! व्होल्टेज १७ टक्के पडलं की करंटपण तेवढाच पडतो, म्हणून वॅट तिसऱ्या हिश्श्याने गेले, जिथं अर्ध्या तासात पाणी तापायचं तिथं पाऊण तास लागणार

मिस्त्री७७: क्लॅम्प एकाच वायरवर लावलाय ना? दोन्ही वायरी धरल्या की शून्य दाखवतो, मी पहिल्यांदा मीटरच बदलून आणलेला 😂

शेतकरी_गडी: हो एकाच. मग प्लग काढून नुसत्या मल्टिमीटरने ओहम बघितले तर चालेल का?

वायरमन_तात्या: रॉडला चालेल, त्याची तार तापली तरी रजिस्टन्स फारसा बदलत नाही. जुन्या पिवळ्या बल्बला मात्र नाही हं, १०० वॅटचा बल्ब थंड असताना ४० च्या आसपास दाखवतो आणि पेटल्यावर ५२९ निघतो