चर्चा : माल टेम्पो आणि वडापमध्ये (भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या खासगी गाड्यांत) सीट बेल्टची सक्ती हवी का?

निपाणीचा टेम्पोवाला
बारा वर्षं निपाणी-बेळगाव छोटा हत्ती चालवतोय. गेल्या महिन्यात तवंदी घाट उतरताना पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला. मला बेल्ट होता, छातीवर निळा वळ उठला, तेवढंच. शेजारचा हमाल डोक्यानं काचेवर गेला, कपाळाला सात टाके. त्याच्या बाजूचं बकल सीट कव्हरखाली दबलेलं होतं आणि ते कव्हर मीच चढवलं होतं. आमच्या गाडीला पुढं बॉनेट नाही, गुडघा आणि पत्र्यात वीतभर जागा. शेजारच्यानं बेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, असं माझं मत झालंय. तुमचं काय?

खानापूर लाईन
हमाल बरा होऊ दे. पण वडापचं गणित वेगळं आहे, दादा. जांबोटीच्या रस्त्यावर माणसं हात करतील तिथं थांबावं लागतं. म्हातारी मांडीवर बुट्टी घेऊन चढते, तिला बेल्ट लावा म्हटलं तर “मला बैलागत बांधतोस व्हय?” म्हणते. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ब बघा, २०१९ च्या दुरुस्तीतलं. प्रवाशानं बेल्ट लावला नाही तरी १,००० रुपयांचा दंड गाडी चालवणाऱ्यावर. माणूस उतरून घरी जातो, पावती माझ्या नावावर. ज्याची चूक त्याला दंड करा, मग सक्तीला माझा पाठिंबा.

काकतीकर
दंडाचं तुमचं म्हणणं पटलं. पण नियम सगळ्या गाडीला सरसकट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८(३) सांगतो की बेल्ट बसवलेल्या गाडीत चालक, पुढचा प्रवासी आणि पुढं तोंड करून मागं बसलेले, यांनी तो लावायचा. आडव्या बाकांचं त्यात नाव नाही. म्हणजे तुमच्या गाडीत मागं आडवे बाक असतील, तर म्हातारीला पुढं बसवलंत तरच तिचा प्रश्न येतो. आणि ताशी ६० च्या वेगात गाडी आदळणं म्हणजे साधारण १४ मीटरवरून, चौथ्या मजल्यावरून पडणं. तिथं हातानं डॅशबोर्ड धरून काय होणार?

संकेश्वर
माझा विरोध आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीवर बायका-पोरं बसून जातात, त्यांना कोण विचारतं? आधी ते थांबवा. शिवाय घाटात ब्रेक गेला तर उडी मारायला माणूस मोकळा पाहिजे.

निपाणीचा टेम्पोवाला
ट्रॉलीचं शंभर टक्के खरं, ते थांबलंच पाहिजे. पण म्हणून माझ्या हमालानं काचेवर जावं का? उडीचं मीही दहा वर्षं मानत होतो. त्या दिवशी ब्रेक लागला आणि डोकं काचेवर गेलं, मधे डोळ्याची पापणी लवायला वेळ नव्हता. उडी कुठली मारताय! काल ब्लेडनं कव्हर कापून बकल वर काढलं. बकलच्या खाचेत धूळ घट्ट बसलेली, रॉकेल लावून साफ केलं, तेव्हा कुठं टक् करून लागलं.

खानापूर लाईन
आज माझ्याही गाडीचं बघतो. पुढच्या सीटचं कबूल. दंडाचं मात्र मी सोडणार नाही.