जपानमधलं ‘आपलं गाव’: तुमचे अनुभव लिहा

सुनंदा_क
काल भाचीने जपानहून व्हिडिओ पाठवला. त्यात मागे संध्याकाळी पाचची धून वाजत होती, आणि आमचं नागानोतलं घर डोळ्यांसमोर आलं. रोज पाचला भोंग्यांवर जुनं बालगीत लागायचं. भूकंप-पुराच्या इशाऱ्याचे भोंगे चालू आहेत ना, याची ती चाचणी. पण त्या सुरावर मुलं खेळ टाकून घरी पळायची. शेजारच्या आजी म्हणायच्या, “माझी मुलंही अशीच पळत यायची. आता तोक्योत असतात.” गावावर एवढा जीव, आणि तरी गावं ओस. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात ९० लाख घरं रिकामी निघाली. गाव, देश, बदल याबद्दल तिथली माणसं तुमच्याशी काय बोलली?

कोकणी_मासा
राजापूरला वेगळं काय आहे! गणपतीला घर उघडायचं, विसर्जनानंतर कुलूप. डबे भरायचेत, नंतर येते.

नागोयाकर
इसेचं देऊळ! दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तसंच्या तसं नवं बांधतात. मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. मी गेलो तेव्हा लाकूड अजून पिवळं होतं. सोबतचे तानाका साहेब म्हणाले, तेराशे वर्षांचं आहे. म्हटलं, हे तर कोरं दिसतंय! तर म्हणाले, सुताराने चेल्याला नीट शिकवलं की देऊळ जुनंच. मध्ये यादवीत शंभरावर वर्षं खंड पडला होता, तरी पुन्हा उभं केलं. मला हे फार आवडतं.

मिनू७
मी दुसरी बाजू लिहिते. लेक तिथेच जन्मली, बालवाडी तिथली. बागेत बायका कौतुकाने म्हणायच्या, “किती छान जपानी बोलते!” एकदा तिने विचारलं, “आई, हारुकाला असं कुणी का नाही म्हणत?” हारुका म्हणजे तिची जपानी मैत्रीण. काय सांगणार? नुसतं तिथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा वडील जपानी लागतात. आणि तेवढं असूनही भागत नाही. प्रियांका योशिकावाचे वडील भारतीय, आई जपानी. २०१६ ला ती मिस वर्ल्ड जपान झाली, तर ‘अस्सल जपानी हवी होती’ म्हणून लोक बोललेच. अजून राग येतो.

बंड्या_वाशी
मिनू, लेक केवढी झाली गं?

मिनू७
दहावीला आहे, पुण्यात. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, कुठे मिळेल म्हणून डोकं खाते. कुणाला माहीत असेल तर सांगा!

ढोलताशा
मिनू, खरंय. पण बदलतंयही. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ ला तोक्योत एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आलेच की. आमच्या गल्लीत मिकोशी, म्हणजे देवाची पालखी, उचलायला पोरं कमी पडायची. शेजारच्या काकांनी मुलाचा अंगरखा मला चढवला, कंबरपट्टा स्वतः बांधला. मुलगा ओसाकाला. खांदा सोलवटला, पण सगळे मिळून ‘वाश्शोई’ ओरडताना मोरयाच आठवत होता. पुढल्या वर्षी काकांनी विचारलंसुद्धा नाही, अंगरखा थेट दारात आणून दिला.

सुनंदा_क
ढोलताशा, वाचून डोळे भरले.

कोकणी_मासा
आले. नागोयाकर, इसे एका दिवसात होतं का? मेमध्ये सासूबाईंना घेऊन जातेय.

नागोयाकर
आरामात. नागोयाहून किंतेत्सु रेल्वेची एक्सप्रेस घ्या, साधारण दीड तास. आधी गेकू, म्हणजे बाहेरचं देऊळ, मग नाइकू, म्हणजे आतलं, तशीच रीत आहे. आत खडीवरून बरंच चालायचंय, सासूबाईंना बूटच घाला.