शब्दचर्चा : ‘प्रतिपाद्य’ म्हणजे विषय, आशय की आणखी काही?

विचारणा (बी.ए. मराठी, दर्यापूर तालुका)
उद्धव शेळके यांच्या ‘धग’वर (1960) समीक्षालेख लिहायचा आहे. सुरुवात अशी केली : ‘या कादंबरीत ग्रामीण दारिद्र्याचे भेदक चित्रण आले आहे.’ मॅडमनी खाली शेरा मारला, ‘हा विषय झाला. प्रतिपाद्य कुठाय?’ कोशात ‘प्रतिपादन करण्यास योग्य’ एवढंच मिळालं. त्यानं काही उलगडा होत नाही.

निवृत्त शिक्षक, मोर्शी
बेटा, मॅडमचं बरोबर आहे. प्रतिपाद्य म्हणजे जे मांडून पटवून द्यायचं आहे ते. तुझ्या वाक्याला नाही कोण म्हणेल? ‘धग’ वाचलेला जो तो मान डोलावेल आणि पान उलटेल. ज्यावर कुणी ‘असं नाही’ म्हणूच शकत नाही, ते पटवायचं कशाला? अख्ख्या वर्गाचा विषय एक असू शकतो, प्रतिपाद्य मात्र ज्याचं त्याचं.

घोळ व्हायला कारणही आहे. जुन्या पुस्तकांत हा शब्द विशेषणासारखा येतो, ‘ग्रंथाचा प्रतिपाद्य विषय’. तिथून दोन्ही एकच वाटायला लागतात.

आपल्या रिद्धपूरच्या महानुभावांचा ‘दृष्टान्तपाठ’ अभ्यासाला असेल तर पुन्हा बघ. केसोबासांनी आधी सूत्र दिलं, म्हणजे जे सांगायचं ते थोडक्यात, मग दृष्टान्त, म्हणजे ते समजावणारी गोष्ट, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्ट सूत्राला कशी लागू पडते ते. आंधळे आणि हत्तीची गोष्ट त्यातच आहे. आपली पोरं दृष्टान्त भरभरून लिहितात, पानभर कथानक सांगतात. सूत्र नसतं, म्हणून दार्ष्टान्तिकही नसतं.

वकील, पुसद
न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टातल्या कायद्यात नव्हे, तर आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला ‘प्रतिज्ञा’ म्हणतात. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. पुढे उदाहरण, उपनय (ते इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष). शब्द नेमका आहे, पण आज ‘प्रतिज्ञा’ म्हटलं की शाळेच्या रांगेत हात पुढे करून उभं राहिल्यासारखं वाटतं, त्यामुळे लेखात चालणार नाही. गावात मात्र रोजचा शब्द आहेच : ‘तुह्यं म्हननं काय हाये, ते सांग ना बाप्पा!’

विचारणा
मग हे चालेल का, सर? ‘कौतिक दारिद्र्याशी झुंजत राहते, पण तिला हरवतो तो नवऱ्याचा, महादेवचा निष्क्रियपणा.’

निवृत्त शिक्षक, मोर्शी
आता वाद घालता येतो! मीच घालतो : महादेव निष्क्रिय का? तोही परिस्थितीनंच पिचलेला नाही का? मग तुझं दारिद्र्य मागच्या दारानं परत आत आलं. हा पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप, लेखातच घे आणि त्याला उत्तर दे.

त्याआधी कादंबरी पुन्हा उघड आणि नवरा-बायकोचे संवाद काढ. निर्णय कोण घेतो, टाळतो कोण, बोलणं दुसरीकडे कोण वळवतो, समासात पेन्सिलीनं खुणा कर. खुणा तुझ्या म्हणण्याविरुद्ध गेल्या तर वाक्य बदल, खुणा खोडू नको. आणखी एक : निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद वऱ्हाडीत. कौतिकचं हरणं यांपैकी कोणत्या भाषेत जास्त कळतं? इथून तुझं वाक्य आणखी धारदार होईल. फक्त ‘बोलीचा प्रभावी वापर’ असं लिहू नको, ते गाईडातलं आहे.

मराठीची प्राध्यापक, वणी
थोडी भर घालते. ‘मध्यवर्ती कल्पना’ कलाकृतीची असते, प्रतिपाद्य लिहिणाऱ्याचं असतं. दोन्ही एक मानले की लेख म्हणजे कादंबरीचा सारांश होतो, आणि तपासताना आम्हाला असेच लेख जास्त मिळतात. ‘गृहीतक’ शोध सुरू करताना धरायचं असतं, पुढे ते टिकेल किंवा टिकणार नाही. प्रतिपाद्य हे पुरावे बघून टिकलेलं वाक्य, म्हणून लेखात पहिलं दिसलं तरी नीट होतं ते बहुधा शेवटी. ‘सिद्धान्त’ एका कादंबरीपुरत्या म्हणण्याला फार मोठा होतो.

विचारणा
लेखात ‘माझे प्रतिपाद्य असे आहे की’ असं लिहायचं का?

मराठीची प्राध्यापक, वणी
नको. ‘माझ्या मते’ही नको, लेख तुझाच आहे. वाक्य सरळ लिही आणि पुढच्याच ओळीत त्याचं कारण दे. आणि मॅडमना विचारताना ‘प्रतिपाद्य बरोबर आहे का’ असं विचार, ‘बरोबर आहेत का’ नको. एका लेखाला एक पुरे.